कसाऱ्याला जाणारी पत्रे

माझे लग्न झाले तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षे होती. वडील शहापूरला मराठी शाळेत शिक्षक होते आणि त्यांनी मला मराठी पाचवीपर्यंत नीट शिकवले होते. यजमानही शिक्षकच. मुरबाडपासून दोन कोसांवरच्या एका गावी लोकल बोर्डाची एकशिक्षकी शाळा होती. ती ते चालवीत, आणि शाळेला जोडून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहत असू. सासूबाई शहापुराकडे दिरांजवळ राहत. त्यामुळे नवरा-बायको दोघेच, अशा घरात मी सतराव्या वर्षी आले, आणि माझ्या मैत्रिणींनी त्याबद्दल माझा हेवा केला. हेवा या विषयात मला पुढे बरेच शिकायचे होते. त्याची सुरुवात अशी उलट्या बाजूने झाली.

नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही हा त्या वेळचा नियम. आजच्या वाचकांना तो उखाण्यापुरताच माहीत असेल, पण तेव्हा त्याने रोजचे बोलणे अडत असे. नाव नाही म्हणून 'अहो', आणि 'अहो'च्या पुढे काय बोलायचे ते कोणी शिकवलेले नाही. तिकडून 'अगं', त्याच्या पुढेही तेच. गाव त्यांना मास्तर म्हणे. मीही मनातल्या मनात त्यांना मास्तरच म्हणू लागले, आणि येथेही तेच म्हणते.

मास्तर स्वभावाने वाईट नव्हते. हात उगारणे, आवाज चढवणे, जेवणाला नावे ठेवणे, यांतले काही त्यांच्यात नव्हते. पण ते बोलत नसत. एकदा मी पाटीवर रेघा ओढून त्यांनी दिवसभरात माझ्याशी उच्चारलेले शब्द मोजले. सकाळी 'पाणी' आणि 'येतो'. दुपारी 'वाढ', मग 'पुरे'. संध्याकाळपर्यंत सतरा झाले, आणि त्यांतले चार 'हं' होते. 'हं' हा शब्द धरावा की नाही याचा मी विचार केला, आणि धरला. नाहीतर आकडा फारच लहान झाला असता.

रविवारी मात्र हेच गृहस्थ सकाळभर बोलत. गावातली बरीच माणसे कामासाठी बाहेर होती, कोणी कल्याणला, कोणी भिवंडीला, काही घाटात रेल्वेच्या कामावर. त्यांच्या बायका रविवारी कार्ड घेऊन आमच्या ओटीवर येत आणि मास्तर त्यांची पत्रे लिहून देत, आलेली वाचून दाखवीत. शहापूरला पोस्टाच्या पायरीवर बसणारा एक लेखनिक होता, त्यामुळे माझ्या माहेरी हा प्रकार मी पाहिलेला नव्हता. ओटी आणि आतली खोली यांच्यामध्ये सारवलेला कूड होता. कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांची भिंत. एका बारीक फटीखेरीज तिच्यातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते.

मास्तरांची लिहिण्याची एक पद्धत होती, आणि माझ्या सगळ्या दुःखाचे मूळ त्या पद्धतीत होते. वर्गात शुद्धलेखन घालणारा शिक्षक प्रत्येक वाक्य स्वतः मोठ्याने म्हणतो. त्या सवयीने मास्तर पत्र लिहितानाही सांगणारीचे वाक्य आधी उचलीत, ते साफ करून मोठ्याने म्हणत आणि मग कागदावर उतरवीत. वाक्य बाईचे, आवाज मात्र माझ्या नवऱ्याचा.

दर रविवारी न चुकता येणारी एक बाई होती. तिचा नवरा कसाऱ्याला रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, शेतकरी घरातली, पदर खोचलेला, आवाज खणखणीत. रूपाने ती माझ्याहून उजवी नव्हती; मी ते फटीतून नीट पाहून ठेवले होते. मनात मी तिला कसारेवाली म्हणत असे.

"बोल," मास्तर म्हणत. या एका शब्दात जे वाट पाहणे असे, ते माझ्या वाट्याच्या सतरा शब्दांत मिळून नसे.

"लिवा, का मी बरी हाय."

"मी बरी आहे."

"पन बरी नाय."

"अगं, दोन्हीतलं एक काय ते सांग."

"दोनी लिवा. आंगानं बरी हाय, मनानं नाय."

"अंगाने बरी आहे," मास्तर सावकाश म्हणाले, "मनाने नाही." टाक दौतीत बुडल्याचा आवाज आला. "आणखी?"

"गाय याली. खरवस केला. पन तुमी नव्हतां तं त्याला चवच नाय लागली. आख्ख्या आळीत वाटला नि मी नुसतं बोट चाटलं."

"तुम्ही नव्हता, तर खरवसाला चव लागली नाही."

"आनि तुमची जुनी पैरण हाय ना, ती मी उशाला घेते."

या ठिकाणी मास्तर थांबले. मीही सुपात तांदूळ पाखडीत होते ती थांबले. मग त्यांचा आवाज आला, जरा खाली, पण स्पष्ट: "तुमची जुनी पैरण मी उशाला घेते."

ते वाक्य त्यांचे नव्हते हे मला कळत होते. मी मूर्ख नव्हते. लेखनिक आणि कर्ता यांतला फरक मला माझ्या वडिलांनी शिकवला होता. तरीही तो आवाज त्यांचा होता, आणि त्या आवाजाने, त्या हळुवारपणाने माझ्याशी कधी एक अक्षर उच्चारलेले नव्हते. समोर बसलेल्या परक्या बाईसमोर ते उच्चारले जात होते आणि मला ते कुडाच्या या बाजूने ऐकायला मिळत होते, जणू शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास.

उत्तरे यायची तेव्हा याहून वाईट होई. कसाऱ्याला तिच्या नवऱ्यासाठी कोणी स्टेशनावरचा माणूस लिहीत असे. कार्ड आले की मास्तर ते तिला वाचून दाखवीत, आणि आता तर वाक्ये पुरुषाची असत. "तू डोंगराला पाला तोडायला एकटी जात जाऊ नको. माझा जीव तिकडे लागतो." मास्तर वाचत. तिकडे ती हसे आणि म्हणे, "परत वाचा." आणि मास्तर परत वाचत! माझ्यासाठी त्यांनी कोणतीही गोष्ट दोनदा सांगितलेली मला आठवत नव्हती.

हेव्याचा एक गुण मी त्या दिवसांत शिकले, तो सांगून ठेवते. तो पुरावा मागत नाही, तो पुरावा तयार करतो. रविवारी मास्तर सकाळी धुतलेला सदरा घालीत. आधीही घालीत असत, पण आता मला तो तिच्यासाठी वाटू लागला. तिने एकदा कार्डाबरोबर चार काकड्या आणल्या, तर त्यांची कोशिंबीर मी इतकी खारट केली की मास्तर दोन तांबे पाणी प्यायले. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

माघ महिन्यात मी एक दिवस जेवताना म्हणाले, "बायकांची पत्रं यापुढे मी लिहीन. बायकांना बाईजवळ बोलायला सोपं जातं. तुम्हाला शाळेची कामं आहेत."

ही विनंती मी आठ दिवस मनात घडवली होती. तिला काय उत्तर येईल याचे चार प्रकार मी ठरवून ठेवले होते. मास्तर म्हणाले, "बरं."

तो शब्द अठरावा की एकोणिसावा होता ते मी मोजले नाही.

पुढच्या रविवारी कसारेवाली आली आणि मास्तरांच्या जागी मला पाहून तिने पदर सारखा केला. "मास्तर आजारी हायेत काय गो?"

"नाहीत. पत्र मी लिहिणार आहे."

"तुमाला येतं?"

"पाचवीपर्यंत शिकले आहे."

"आगो बाई!" ती म्हणाली, आणि मग खरोखरच आनंदाने सांगू लागली. राबासाठी डोंगरातून पाला आणते आहे. (राब म्हणजे भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर पाला-पाचोळा पसरून जाळतात ते.) काल भारा उतरवताना पाठीत उसण भरली, तर तुमी असतां तं चोळली असती. शेजारीण म्हणते नवरा कसाऱ्याला दुसरी करील, तर मी म्हटलं करू दे, तिला बी राबाला पाठव म्हनावं. आणि शिमग्याला याल तेव्हा आधी घरी या, देवळात मग जा.

मी ऐकले आणि लिहिले. पण तिने सांगितले ते लिहिले नाही. आज मी त्या कृत्याला जे नाव देईन, ते तेव्हा दिले नव्हते. तेव्हा मी स्वतःला सांगितले की मी भाषा शुद्ध करते आहे. पाठ चोळण्याचा मजकूर कार्डावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जाणाऱ्या कागदावर शोभत नाही. बायकोने नवऱ्याला कसे लिहावे याचा एक नमुना माझ्या वडिलांनी मला घोटून घेतला होता. तो मी उतरवला. 'सेवेसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. आपली खुशाली कळवीत जावी. गाय व वासरू ठीक आहेत. राबाचे काम यथास्थित चालू आहे. कोणत्याही प्रकारे काळजी नसावी.' अक्षर इतके सुंदर आले की मी कार्ड वाळेपर्यंत पाहत राहिले.

"वाचा ना," ती म्हणाली.

मी वाचले नाही. म्हणाले, "सगळं लिहिलं आहे." आणि हे वाक्य खोटे होते एवढेच नव्हे, तर ते उच्चारताना मला बरे वाटले. तिच्या तोंडची पाठ, शेजारीण आणि शिमगा माझ्याकडे राहिले होते. ते कोणाच्याही आवाजात आता म्हटले जाणार नव्हते.

येथे एक रिवाज सांगायला हवा, कारण तो न कळला तर पुढचे कळणार नाही. आमच्या भागात दूर कामावर असलेल्या माणसाच्या घरी मरण झाले तर ते त्याला सरळ लिहीत नसत. परमुलखात एकट्याला धक्का बसेल म्हणून आधी एक सपाट पत्र जाई: सर्व खुशाल, काळजी नसावी. मग आठ दिवसांनी दुसरे: सवडीने येऊन जावे. माणूस गावात पाऊल ठेवी तेव्हाच त्याला खरे सांगत. सगळ्यांना हे माहीत होते, आणि म्हणून 'काळजी नसावी' हे शब्द परक्या अक्षरात आले की काळजी करायची, हेही सगळ्यांना माहीत होते. मलाही माहीत होते. पण मी ते पत्र लिहिताना कसाऱ्याला ते वाचणाऱ्या माणसाचा विचारच केला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक बाई होती.

तिचा नवरा आला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी नऊ-दहाची वेळ. मास्तर ओटीवर हजेरीपत्रक पाहत होते आणि मी आत चुलीपाशी. आमचे घर गावाच्या तोंडाशी होते, त्याची आळी पुढे होती. तो आमच्या अंगणातच थांबला.

"मास्तर," तो म्हणाला, "कधी गेली?"

"कोण?"

"माझी बायको."

"सकाळीच गेली," मास्तर म्हणाले. "कोयता घेऊन डोंगराकडे जाताना पाहिली."

बाहेर कोणीतरी धपकन खाली बसल्याचा आवाज आला, म्हणून मी फटीला डोळा लावला. तो अंगणात मातीत बसला होता. आदल्या दिवशी दुपारी काम टाकून तो निघाला होता. आटगावपर्यंत मालगाडीतून आणि पुढे शहापूर, किन्हवली करीत पायी. पायांवर गुडघ्यांपर्यंत धूळ होती.

"जिती हाय?"

"अरे, जिवंत आहे. काय झालं?"

त्याने कमरेचे कार्ड काढून पुढे केले. "मंग ह्ये काय? स्टेशनावरच्यानं वाचलं. म्हनला, हात निराळा हाय. ह्यात ती कुठंच नाय, मास्तर. येक बोल तिचा नाय. जिती असती तं कायतरी बोलली असती. शिव्या तरी घातल्या असत्या."

मास्तरांनी कार्ड पाहिले. माझे अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागण्याचे कारण नव्हते. तरी त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले. मग मान वर करून म्हणाले, "चूक या घरातून झाली आहे. तू पाणी पी."

पाण्याचा तांब्या घेऊन मलाच बाहेर जावे लागले. मी तांब्या ठेवला. 'मी लिहिलं' हे म्हणायला तोंड उघडले, तोच कसारेवाली अंगणात आली. अंगणातले बोलणे ऐकून आळीतले कोणीतरी धावत गेले होते, आणि ती डोंगराकडून परतताना वाटेतच भेटली होती. डोक्यावर पाल्याचा भारा तसाच होता.

"मेल्या! काम टाकून आलास?"

तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला.

"बघतोस काय? मी मेलेय व्हय? बघ, भूत पाला वाहतंय तुझ्या राबाला!" असे म्हणत तिने भारा त्याच्या अंगावर टाकला. तो पाल्यात गाडला गेला आणि आतून हसण्याचा आवाज आला, मग रडण्याचा, मग पुन्हा हसण्याचा. गावातल्या रिवाजाप्रमाणे नवरा पुढे आणि बायको दहा पावले मागे चालायची. ते दोघे आमच्या अंगणातून बाहेर पडले तेव्हा भारा त्याच्या डोक्यावर होता आणि ती त्याच्या शेजारून चालत, हातवारे करीत त्याला रागावत होती.

त्या क्षणी मला पश्चात्ताप झाला असे मी लिहिले तर ते वाचायला बरे वाटेल. पण झाला तो हेवा, आजवरचा सगळ्यांत मोठा. कार्डावर तिचे शब्द नव्हते, तर एक माणूस घाट सोडून चालत आला. माझे सगळे शब्द उद्या नाहीसे झाले, तर ते गेले हे कोणाच्या लक्षात यायला किती दिवस लागतील, याचा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या करीत होते.

मास्तर आत आले. चुलीपाशी ते सहसा येत नसत. "का?" त्यांनी विचारले.

मला वाटले होते ते रागावतील. राग नव्हता, फळ्यावर चुकलेले गणित पाहून मुलाला विचारावे तसे ते विचारत होते, की ही पायरी कुठून आली. म्हणून मीही पायरीपायरीने सांगितले. तुम्ही तिला 'आणखी?' असे विचारता. दर वाक्यानंतर विचारता. मला तुम्ही दोन वर्षांत एकदाही 'आणखी' विचारलेले नाही. भाजीही आणखी मागत नाही. तिची पैरण तुम्ही तुमच्या तोंडाने म्हणता आणि ती ऐकते, आणि मी ऐकते. सांगताना माझा आवाज चढला. नवऱ्यापुढे मी तो चढवण्याची पहिलीच वेळ होती, आणि बोलणे संपल्यावर आता काय करायचे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

शेवटी मास्तर म्हणाले, "त्याच्या मुकादमाला पत्र लिहावं लागेल," आणि ओटीवर गेले.

त्या पत्राने त्याची जागा वाचली, पण न सांगता काम सोडल्याबद्दल त्याची शिमग्याची रजा गेली. कोकणपट्टीत शिमगा म्हणजे काय हे सांगायला नको. पुढच्या रविवारी कसारेवाली आली ती ओटीवर न बसता सरळ माझ्या चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"शिमग्याला नाय येनार तो," ती म्हणाली. "तुमच्यापायी."

"माझी चूक झाली."

"तुमचं अक्षर लय ब्येस, मास्तरीणबाई. स्टेशनावरचा पन म्हनला, छापल्यावानी हाय. पन मी सांगितलेलं सगळं कुठं ठेवलंत? पेटीत?"

तिला खरे कारण सांगणे मला जमले नाही. पण बायका काही गोष्टी न सांगता ओळखतात, आणि तिने माझ्या तोंडाकडे पाहून ते ओळखले. ती आधी चकित झाली. मग पदर तोंडाला लावून हसू लागली, आणि ते हसणे मला तिच्या रागाहून झोंबले.

"माझ्यावर? मास्तरावरनं? आगो बाई गो! मास्तर म्हंजे भिंत. भिंतीसमोर बोलायला लाज वाटत नाय म्हनून मी सगळं बोलते. समोर मानूस असता तं मी पैरणीचं बोलले असते काय?"

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडलाही, पण त्याबरोबरच माझ्या नवऱ्याला भिंत म्हटल्याचा मला राग आला. मी म्हणाले, "भिंत कशाला? ते नीट ऐकून घेतात."

"घेतात ना," ती म्हणाली. "मंग तुमी का नाय बोलत? तुमाला तं लिवाय पन येतं." आणि कार्ड घेऊन ती ओटीवर गेली. त्या दिवसापासून तिची पत्रे पुन्हा मास्तर लिहू लागले. मी फटीशी उभे राहणे सोडले आणि उघड दारात बसू लागले. हेवा गेला होता असे नाही. दारात बसून तो करणे निदान अधिक प्रामाणिक होते.

चैत्र लागला. एका दुपारी, मी भाकऱ्या थापत असताना, मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. घसा साफ करून ते म्हणाले, "तुझ्या हातची भाकरी नसली की पोट भरल्यासारखं वाटत नाही."

माझा हात थांबला. दोन वर्षे मी अशा वाक्याची वाट पाहिली होती. आणि ते आले, तर मी ते ओळखले.

"हे कसाऱ्याचं आहे," मी म्हणाले.

मास्तरांचे कान लाल झाले. "हो. मागच्या कार्डातलं. चांगलं वाटलं म्हणून घेतलं."

"तिच्या अंगावरून उतरलेलं मला नको."

"मग काय बोलू?" ते म्हणाले. तक्रारीने नव्हे, खरेच विचारत होते. "मला आपलं आपण सुचत नाही. दुसऱ्याचं असलं की म्हणता येतं."

विद्यार्थ्याला उत्तर सांगू नये, त्याला जमेल असा सोपा प्रश्न द्यावा, हे पुढे मी स्वतः शिक्षिका झाले तेव्हा पुस्तकात वाचले. त्या दुपारी ते मला आपोआप सुचले. मी म्हणाले, "आज शाळेत काय झालं ते सांगा."

"काही नाही झालं."

"मग काही नाही कसं झालं ते सांगा."

ते जरा हसले. मग म्हणाले, "शाळा तपासायला डेप्युटी येणार आहेत पुढच्या महिन्यात." आणि सांगू लागले. मुले राबाच्या कामाला गेल्यामुळे वर्ग निम्मा रिकामा आहे. डेप्युटी वर्गात आले की मास्तर घाबरतात. पहिल्या तपासणीच्या वेळी हातातून खडू दोनदा पडला होता, आणि दुसऱ्यांदा तो नेमका साहेबांच्या बुटावर पडला. तपासणी जवळ आली की ते रात्री पाढे म्हणत पडून राहतात, सत्तावीसचा आणि एकोणतीसचा. मास्तरांना कशाचीतरी भीती वाटते ही माहिती मला दोन वर्षांनी मिळत होती, आणि मिळाल्याबरोबर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो लपवण्यात अर्थ नाही.

"हे याआधी कोणाला सांगितलं होतं?"

"कोणालाच नाही."

"तिलाही नाही?"

मास्तरांनी गोंधळून माझ्याकडे पाहिले. "तिला कशाला सांगू? ती तिचं सांगायला येते."

तव्यावरून धूर आला तेव्हा मी वळले. एक बाजू पार काळी झाली होती. मी ती भाकरी बाजूला टाकणार, तोच त्यांनी हात पुढे केला. मी ताटात वाढली. त्यांनी तुकडा मोडला, चावला, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवले.

"करपली आहे," ते म्हणाले.

"दुसरी देते."

"राहू दे," ते म्हणाले, आणि ती खाता खाता डेप्युटी साहेबांच्या बुटावरचा खडू साहेबांनी कसा स्वतः वाकून पुसला आणि वर्गातल्या एकाही मुलाला कसे हसू आवरले नाही, ते मला पहिल्यापासून सांगू लागले.